ओपीडी वाढली म्हणजे दंतविभाग सुधारला का?

प्रश्न विचारणारे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यातले. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर त्यांना अशासकीय सदस्य म्हणून घेतलंय. पहिल्याच बैठकीत दंतविभागाचा अहवाल पुढे आला: रोजची ओपीडी ४० च्या वर, गेल्या वर्षीपेक्षा वाढ, कामगिरी समाधानकारक. ते लिहितात, "आमच्या वाडीतली माणसं मात्र दाढेचं रूट कॅनल करायला अजून कोल्हापूरला नाहीतर गोव्यातल्या बांबोळीला जातात. विभाग खरोखर चांगला आहे की नाही, हे आम्ही डॉक्टर नसताना ओळखायचं कसं?"

गुरुजी, एकवीस वर्षं मी कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक म्हणून काम करते आहे. आधी ग्रामीण रुग्णालयात, मग जिल्ह्याच्या ठिकाणी. असले अहवाल मी स्वतः भरलेत, त्यामुळे त्यात काय मावतं आणि काय मावत नाही, याची थोडी कल्पना आहे. उत्तर लांबेल.

तुमचा खरा प्रश्न ओपीडीचा नाहीच. ओपीडी म्हणजे दारात किती माणसं आली त्याची मोजणी. दाढ ठणकते म्हणून आलेला माणूस, त्याला दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या, गोळ्या संपल्यावर पुन्हा ठणकली म्हणून त्याचं पुन्हा येणं, एक्स-रे फोटोसाठी येणं, मशीन बंद म्हणून परत जाऊन चौथ्यांदा येणं. रजिस्टरात चार रुग्ण, तोंडात मात्र तीच दाढ तशीच. विभाग जितका अडखळत चालेल तितकी ही संख्या फुगते. तेव्हा वाढलेली ओपीडी ही चांगली बातमी असू शकते आणि वाईटही. नुसत्या आकड्यावरून ते कळणार नाही.

विशेषज्ञ सेवेत तर हे जास्तच खरं. साधा हलणारा दात काढणं एका बैठकीचं काम. पण दाढेचं रूट कॅनल, हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ, हिरड्यांची शस्त्रक्रिया, पूर्ण कवळी, दिव्यांग मुलांचे दात, तोंडातल्या संशयास्पद चट्ट्याचा तुकडा काढून तपासणं ही कामं दोन, तीन, कधी पाच फेऱ्यांची. म्हणून मोजायचं ते पूर्ण झालेलं काम. "आरसीटी ६२" (आरसीटी म्हणजे रूट कॅनल) असं लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न विचारा: हे ६२ दात की ६२ सिटिंग? एका दाढेच्या तीन सिटिंग तीन वेळा मोजल्या जाणं अगदी सर्रास घडतं, आणि त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. रकान्याचं नावच तसं असतं. किती दाढा उघडल्या आणि त्यातल्या किती भरून बंद झाल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी मागा. मधल्या फरकात जी माणसं आहेत ती कुठे गेली, हा पुढच्या बैठकीचा विषय.

याबाबतीत मी स्वतःही धुतल्या तांदळासारखी नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका आढावा बैठकीत सर्वांत जास्त दात काढल्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. मलाही बरं वाटलं. त्याच पावसाळ्यात किनाऱ्याकडची एक बाई आली. वय चाळिशीचं, मागच्या जवळजवळ सगळ्या दाढा गेलेल्या, बहुतेक माझ्याच हातून. म्हणाली, "डाक्टरीणबाय, दाडो काडलास ता बरा केलास, पण आता भाकरी चावू कशान?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडे कवळी बनत नव्हती. काढलेल्या दातांच्या आकड्याशेजारी वाचवलेल्या दातांचा आकडा मी त्यानंतर लिहायला लागले.

हे गुणोत्तर तुम्हीही मागा, पण जपून वापरा. कोकणात माणूस दाताचं दुखणं अंगावर काढतो. आंब्याचा हंगाम संपू दे, लावणी होऊ दे, गणपती जाऊ देत, असं करत करत येतो तेव्हा दाताचं नुसतं मूळ उरलेलं असतं. तिथे दात काढणं हाच योग्य उपचार. म्हणून तुमच्या रुग्णालयाची तुलना दुसऱ्या जिल्ह्याशी न करता त्याच रुग्णालयाच्या तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी करा, आणि वयाप्रमाणे फोड करून घ्या. साठीतल्या माणसाचा हलणारा दात काढणं वेगळं आणि विशीतल्या मुलीची दाढ काढणं वेगळं. त्यातही एक आकडा तुम्हाला शिक्षक म्हणून लगेच समजेल. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता. आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडेल आणि दुसरी येईल," म्हणून कीड लागली तरी बघत नाहीत. पंधरा वर्षांखालच्या किती मुलांची ही दाढ वर्षभरात काढावी लागली? हा आकडा दंतविभागाबरोबरच शाळातपासणीचीही परीक्षा घेतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जातात, मुलांच्या दातांची कीड नोंदवतात आणि रुग्णालयात जायची चिठ्ठी देतात. चिठ्ठ्या किती दिल्या ते सगळे सांगतात. त्यातली किती मुलं खुर्चीत येऊन बसली, हे तुम्ही विचारा.

आता साधनांकडे येते. १९६६ साली अव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी बघावा असं मांडलं: साधनं काय आहेत, काम कसं होतं, आणि रुग्णाचं शेवटी काय झालं. समित्या बहुतेक वेळा पहिल्या अंगाशीच थांबतात, कारण साधनं डोळ्यांना दिसतात. खुर्ची आहे, कंप्रेसर आहे, एक्स-रे आहे, सगळ्यावर बरोबरची खूण. पण किनाऱ्यावर "आहे" या शब्दाला फारसा अर्थ नसतो. खारी हवा लोखंड खाते. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते रोज सोडलं नाही तर गंजलेलं पाणी हँडपीसपर्यंत, म्हणजे दात कोरायच्या यंत्रापर्यंत, पोचतं. पावसाळ्यात वीज येते-जाते आणि एखाद्या दिवशी खुर्चीचं सर्किट उडतं. मग मेकॅनिक यायचा कोल्हापूरहून नाहीतर मुंबईहून, आणि तोही सवडीने. म्हणून वस्तूंच्या यादीपेक्षा गेल्या बारा महिन्यांत खुर्ची, एक्स-रे आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) हे तिन्ही एकाच वेळी चालू होते असे दिवस किती, ते मागा. तिन्ही एकाच वेळी, हे महत्त्वाचं. एक बंद पडलं तरी रूट कॅनल थांबतं आणि दात काढणं तेवढं चालू राहतं, किंवा चालू राहू नये तेव्हाही राहतं.

निर्जंतुकीकरणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण डॉक्टर नसलेल्या माणसाला हे नक्की तपासता येतं आणि तरी कोणी तपासत नाही. त्याला फक्त अंकगणित लागतं. समजा रोज ४० रुग्ण तपासले जातात. प्रत्येकाच्या तोंडात किमान एक आरसा आणि एक टोचणी जाते. आरसे-टोचण्यांचे संच किती आहेत ते मोजायला सांगा. समजा १५ निघाले. मग ऑटोक्लेव्हची वही उघडा आणि दिवसाला किती फेऱ्या झाल्या ते बघा. वहीत रोज एकच फेरी असेल, तर १५ रुग्णांपर्यंत हिशेब लागतो. उरलेल्या २५ जणांच्या तोंडात काय गेलं? बहुतेक वेळा उत्तर "द्रावणात बुडवलेले" असं येतं. ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात दहा-वीस मिनिटं बुडवून निर्जंतुकीकरण होत नाही, त्यासाठी दहा तास लागतात. हँडपीसचंही तसंच. तीन हँडपीस, आणि बांधणं, तापणं, वाळणं धरून एका फेरीला जवळपास तास. सकाळच्या चार तासांत किती रुग्णांना निर्जंतुक हँडपीस मिळेल, हे तुमच्या सातवीच्या वर्गातल्या मुलानेही काढलं असतं.

पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झालं, अशी समजूत असते. त्या रेघा उष्णता लागली एवढंच सांगतात. आतले जंतू मेले की नाही, हे बघायला जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी असते. ती शेवटची कधी केली ते विचारा. पण विचारताना सूर सांभाळा. संच कमी असणं हा बहुधा डॉक्टरांचा दोष नसतो, खरेदीचा असतो. आणि रुग्ण कल्याण समितीकडे स्वतःचा निधी असतो. आणखी २५ आरसे-टोचण्या घ्यायला फार मोठी रक्कम लागत नाही. एका बैठकीत सुटणारा प्रश्न आहे हा.

काम कसं होतं, हे बघायला केसपेपर वाचावे लागतात. ते तुम्ही वाचू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात लोकांच्या आजारांची माहिती असते आणि तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. आम्ही केलेला उपाय साधा होता. शेजारच्या रुग्णालयातल्या दंतवैद्याला बोलवायचं, गेल्या तीन महिन्यांतले ३० केसपेपर नंबरच्या क्रमाने ठरावीक अंतराने उचलायचे म्हणजे निवडून चांगले देता येत नाहीत, नाव झाकायचं, आणि त्यांनी वाचायचे. पुढच्या तिमाहीत आम्ही त्यांचे वाचायचे. पहिल्यांदा दोघांनाही घाम फुटला होता. पेपरवर मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची विचारणा लिहिली आहे का; निदान लिहिलंय की नुसतं "दात दुखी"; पुढची तारीख दिली आहे का; रूट कॅनलच्या आधीचा, मधला आणि शेवटचा असे एक्स-रे आहेत का. शेवटच्या फोटोत भरलेला पांढरा पदार्थ मुळाच्या टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत पोचलेला दिसावा, टोकाबाहेर सांडलेला नसावा. शेवटचा फोटोच नसेल तर दाढ भरली एवढंच माहीत, कशी भरली ते कोणालाच माहीत नाही.

रूट कॅनलबद्दल आणखी एक गोष्ट, जी अहवालात कधीच दिसत नाही. दाढेची मज्जा काढली की वरचा सांगाडा पोकळ आणि ठिसूळ होतो. त्यावर कॅप बसली नाही तर वर्ष-दोन वर्षांत उकड्या तांदळाच्या भातातला एक खडा पुरतो, दाढ उभी चिरते आणि काढावी लागते. बऱ्याच सरकारी ठिकाणी रूट कॅनल होतं, पण कॅपची सोय नसते. रुग्णाला "बाहेरून बसवून घ्या" म्हणून सांगतात. तो दुखणं थांबलं म्हणून बसवत नाही. मग दोन महिने खर्च करून वाचवलेली दाढ वर्षाने काढण्याच्या रजिस्टरात येते, आणि तिथे तिची नवी केस म्हणून नोंद होते. तुमच्या विभागाने गेल्या वर्षी पूर्ण केलेल्या दाढांपैकी २०-२५ रुग्णांना आशाताईंकरवी फोन करून एवढंच विचारा: दाढ आहे का, तिने चावता का, कॅप बसवली का. कवळीचंही असंच. किती कवळ्या दिल्या ते सोडा. सहा महिन्यांनी ती तोंडात आहे की डब्यात, ते विचारा. डब्यात असलेल्या कवळ्यांची संख्या ऐकून मला एकदा रात्रभर झोप लागली नव्हती.

वाट बघायला किती लागते, हे मोजायची एक युक्ती सांगते. खिडकीवर "अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेची तारीख कधीची मिळेल?" असं विचारलं तर कोणीतरी रद्द केलेली उद्याची तारीखही मिळू शकते आणि सगळं छान वाटतं. म्हणून पहिली रिकामी तारीख धरू नका, तिसरी धरा. तिसरी रिकामी तारीख जितकी लांब, तितकी खरी रांग. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी ही एक तारीख लिहून ठेवली तर वर्षाअखेरीला तुमच्या हातात कुठल्याही अहवालापेक्षा चांगला आलेख असेल. फक्त आपले हंगाम लक्षात ठेवून वाचा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी आणि तांडेल मंडळी दातांची कामं काढतात. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात आणि आईबापांना घेऊन येतात. लावणीच्या पंधरवड्यात खुर्ची रिकामी असते. त्या रिकाम्या दिवसांवरून कोणी "प्रतिसाद कमी" असा शेरा मारला तर तो शेतात कधी उतरलेला नाही असं समजावं.

तोंडाच्या कर्करोगाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. आपल्याकडे बायका मिशरी लावतात, पुरुष तंबाखू मळतात, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुड्या मिळतात. अशा भागात रोज ४० तोंडं उघडून बघणाऱ्या विभागाच्या रजिस्टरात वर्षभरात एकही पांढरा चट्टा, एकही तोंड कमी उघडणारा रुग्ण, एकही बायोप्सी नसेल, तर त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. दुखणारा दात सोडून बाकी तोंड कोणी बघितलेलं नाही, एवढाच होतो. या एका बाबतीत शून्य हा सगळ्यात वाईट आकडा. चट्टे सापडले किती, तुकडा काढला किती जणांचा, अहवाल किती दिवसांत आला, आणि कर्करोग निघालेल्यांपैकी किती जण परळच्या टाटाला किंवा दुसऱ्या केंद्रात प्रत्यक्ष पोचले, ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत विचारा. "रेफर केले" हा शब्द साखळी तिथेच तोडतो.

हे मी शिकले ते चुकून. एका जुलैअखेरीला एक खलाशी आला, जिभेच्या कडेला व्रण. शेजारची दाढ टोकदार होती. ती मी घासून गुळगुळीत केली आणि सांगितलं, पंधरा दिवसांनी दाखव. दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर तपासायचा, हा नियमच आहे आणि मी नियमाप्रमाणेच वागले होते. पण ३१ जुलैला मासेमारीवरची बंदी उठली आणि तो बोटीवर गेला. पंधरा दिवसांनी तो आला नाही हे मला कळलंच नाही, कारण न आलेल्या माणसाची नोंद करायला रजिस्टरात जागा नव्हती. तो थेट डिसेंबरात आला, गळ्यात गाठ घेऊन. तेव्हापासून आमच्याकडे एक वेगळी वही आहे. त्यात फक्त अशा रुग्णांची नावं, दोन फोन नंबर, गावच्या आशाताईंचं नाव आणि परत यायची तारीख. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी फोन जातो. तुमच्या विभागात अशी वही आहे का, हे जरूर विचारा.

रुग्णांचं समाधान मोजायचा प्रघात आता सगळीकडे आहे. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. दुखणं थांबलेला माणूस दयाळू असतो, आणि सरकारी दवाखान्यात गरीब माणूस हसऱ्या चेहऱ्यावरच खूण करतो. "सेवा कशी वाटली?" असं विचारूच नका. किती फेऱ्या झाल्या, एसटीला किती गेले, किती दिवसांची मजुरी बुडली, एखादं औषध किंवा सामान बाहेरून आणायला सांगितलं का, पुढे काय करायचं ते कोणी समजावलं का, हे विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तरी रुग्ण बाहेरून चिठ्ठीवर सामान आणत असेल तर विभागात काहीतरी संपलेलं आहे आणि ते कागदावर आलेलं नाही. ही विचारपूस रुग्णालयाच्या आवारात करू नका. घरी, पडवीत बसून केलीत तर लोक बोलतात.

कायाकल्पचे (सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेची पुरस्कार योजना) किंवा राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचे गुण अहवालात असतील तर ते टाकाऊ समजू नका. स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, नोंदी यांना त्यामुळे शिस्त आली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते गुण रुग्णालयाचे असतात. तुमच्या वाडीतली दाढ का वाचत नाही, हे त्यातून कळणार नाही.

परदेशातलं एक उदाहरण मला उपयोगी वाटतं. ब्राझीलने २००४ साली सरकारी दंतसेवेची मोठी मोहीम काढली आणि विशेषज्ञ दंतकेंद्रं उभारली. प्राथमिक केंद्रातून पाठवलेले रुग्ण तिथे जातात. प्रत्येक केंद्राने पाच गोष्टी दिल्याच पाहिजेत: कर्करोगावर भर देऊन तोंडाची तपासणी, हिरड्यांचे विशेष उपचार, छोट्या शस्त्रक्रिया, रूट कॅनल आणि विशेष गरजा असलेल्या रुग्णांची सेवा. महिन्याच्या किमान कामाचा आकडा प्रत्येक शाखेला वेगळा ठरवून दिलेला. मला यातलं "वेगळा" हे आवडलं. एकच एकत्रित आकडा ठेवला की माणूस सोपं काम करून तो भरतो, दात साफ करून रूट कॅनलची भरपाई होते. तुमच्या अहवालातही पाच ओळी वेगळ्या करायला सांगा. २०१३ पासून त्यांनी या केंद्रांसाठी गुणवत्तेचा स्वतंत्र कार्यक्रमही जोडला, म्हणजे नुसत्या संख्येने भागत नाही हे त्यांनाही जाणवलं असावं.

आता यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे, ते. एकटा दंतवैद्य, मदतनीस नाही, अशा ठिकाणी दिवसाला एक-दोन दाढांची सिटिंग झाली तरी ते चांगलं काम आहे. त्याच डॉक्टरला शिबिरं असतात, दिव्यांग प्रमाणपत्राचा दिवस असतो, पोलीस वय ठरवायला मुलंमुली घेऊन येतात. हे तास ओपीडीच्या आकड्यात दिसत नाहीत. पद कंत्राटी असेल तर तीन वर्षांत तीन डॉक्टर झालेले असतील आणि अर्धवट दाढा वारशाने मिळालेल्या असतील. अवघड रुग्ण स्वीकारणाऱ्या विभागात गुंतागुंत जास्त दिसते. जो सगळ्यांना पुढे पाठवतो त्याची पाटी कोरी राहते. आणि वर्षाला जेमतेम २० अक्कलदाढा होत असतील तर त्यावर टक्केवारी काढू नका, एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की पाच टक्के हलतात.

वाडीतली माणसं कोल्हापूर-बांबोळीला जातात त्याचाही एकच अर्थ काढू नका. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला बांबोळी जवळची वाटते, तिथे सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथल्या विभागांची बरोबरी तालुक्याचं रुग्णालय करू शकणार नाही आणि करायची गरजही नाही. वेड्यावाकड्या दातांना तारा लावायला कोणी तिकडे गेलं तर ते योग्यच. पण पुढच्या दाताचं साधं रूट कॅनल करायला मालवणहून कोणी कोल्हापूरचा घाट चढत असेल, तर ते इथेच व्हायला हवं होतं. जाणाऱ्यांची यादी करून कोण कशासाठी गेलं ते लिहा. दहा नावांतच चित्र स्पष्ट होईल.

हे सगळं एकाच बैठकीत मागाल तर डॉक्टर तुमच्याकडे शत्रू म्हणून बघतील, आणि पुढचे सगळे आकडे गोड येतील. पहिल्यांदा दोनच गोष्टी घ्या: उघडलेल्या आणि पूर्ण झालेल्या दाढा, आणि ऑटोक्लेव्हच्या फेऱ्यांचं गणित. बैठकीआधी दंतवैद्याला एकट्यात भेटा, चहा घ्या, आणि खुर्ची गेल्या वर्षी किती दिवस बंद होती व त्यासाठी वरती किती पत्रं दिली, एवढं विचारा. बहुतेक त्यांच्या कपाटात त्या पत्रांच्या पोचपावत्यांची फाइल असेल. माझी अजून आहे, पावसाने कडा कुजलेली.